डिसेंबरातही चालू राहणारा कूलर: नर्सिंग आणि हातांना सुटणारा घाम

३० मे २०२४ ला नागपुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरत होता: ५६ अंश. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं तो दाखवला होता, आणि सोनेगावच्या केंद्रानं ५४. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू होता, त्यामुळे लोकांनी विश्वासही ठेवला. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडले होते. बाकीच्या केंद्रांवर पारा चव्वेचाळीसच्या घरात, म्हणजे आपल्यासाठी नेहमीचाच. हवा होती तशीच होती, निरोप चुकीचा गेला होता.

ती बातमी वाचताना मला माझे तळहात आठवले. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला होते. जानेवारीतली सकाळ, वॉर्डात अंगावर स्वेटर, आणि माझ्या हातांना पाण्यासारखा घाम. निर्जंतुक ग्लोव्हज घालायची प्रॅक्टिकल होती. अंगठा आत गेला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकाच खोबणीत अडकलं, ओढायला गेले तर ग्लोव्ह टर्रकन फाटला. दुसरी जोडी उघडली, तीही तशीच. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "काहून गं, एवढी भिऊन राहिली? अशानं कसं होईन तुझं?" मी भ्यायले नव्हते. भीती नंतर आली, त्या वाक्यापासून.

आज मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादी मुलगी, कधी एखादा मुलगाही, सगळे गेल्यावर मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "मॅम, माझ्या हातांना खूप घाम येतो. नर्सिंगला जाऊ की नको?" उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

कूलर कळला की घाम कळतो

नागपूरच्या माणसाला घाम समजावायला पुस्तक लागत नाही. कूलरचं झाकण उघडून दाखवलं तरी पुरतं. खाली टाकीत पाणी, एक छोटा पंप ते वर चढवतो, वाळ्यावरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून खेचतो. पाण्याची वाफ होते आणि होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. गारवा पाण्याचा नसतो, पाणी उडून जाण्याचा असतो.

आपल्या कातडीखाली अशाच २० ते ४० लाख बारीक घामग्रंथी आहेत. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, थोडं मीठ. एक लीटर घाम अंगावरून पूर्ण उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बर्फासारखं गार जवळपास सहा लीटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. हवा अंगापेक्षा इतकी तापलेली असताना पंख्याच्या वाऱ्यानं थंडावा मिळत नाही. तेव्हा माणूस जगतो तो घाम उडून जातो म्हणून.

जुलैत हाच कूलर नुसती चिपचिप का करतो, हेही यातूनच कळतं. हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही. घामाचंही तसंच. मे महिन्यात घाम येतो आणि दिसत नाही, पावसाळ्यात येतो आणि युनिफॉर्मला चिकटून बसतो.

तळहाताची वायर वेगळीकडून येते

इथवरची गोष्ट अंगावरच्या घामाची झाली. तळहात आणि तळपाय यांचा हिशेब निराळा आहे, आणि सगळा घोटाळा तो निराळा आहे हे लक्षात न घेतल्यानं होतो.

छाती, पाठ, कपाळ इथल्या ग्रंथींना मुख्यतः उकाड्याचा निरोप जातो. मेंदूत खोल एक छोटा भाग अंगाचं तापमान बघत बसलेला असतो. ते वाढलं की तो पंप चालू करतो. तळहातांच्या ग्रंथी मात्र जास्त करून मनाच्या हालचालींना उत्तर देतात: दचकणं, एकाग्र होणं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय ही जाणीव. तळहातावर या ग्रंथी फार दाट असतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये शेकड्यांनी. हलका ओलावा असला की पकड सुधारते. नोटा मोजणारा माणूस बोट ओलं करतो ना, तसंच. झाडावर चढणाऱ्या, धोका दिसताच फांदी घट्ट धरणाऱ्या प्राण्याला हे उपयोगी होतं. सलाईन लावणाऱ्या सिस्टरला तेवढं नाही.

हा निरोप सिम्पथेटिक नावाच्या मज्जातंतूंतून येतो. तंतूच्या टोकाला एसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ते ग्रंथीला सांगतं, 'सोड पाणी.' याला आपण निरोप्या म्हणू. पुढे औषधांच्या वेळी हा निरोप्या पुन्हा भेटेल.

गरजेपेक्षा खूप जास्त घाम येण्याला वैद्यकात हायपरहायड्रोसिस म्हणतात. मी यापुढे अतिघाम म्हणेन. तरुण वयात दिसणाऱ्या नेहमीच्या प्रकारात ग्रंथी मोठ्या नसतात, संख्येनंही जास्त नसतात. कूलर चांगला असतो, त्याचं बटण अडकलेलं असतं. डिसेंबरातही पंप चालूच.

"आजार आहे की तुझा स्वभावच घाबरट?"

हा प्रश्न घरात विचारला जातो, कॉलेजात विचारला जातो आणि शेवटी मुलगी स्वतःलाच विचारायला लागते.

डॉक्टर तपासताना ज्या खुणा बघतात त्या सरळ आहेत. सहा महिन्यांहून अधिक काळ, दुसरं कारण नसताना, ठरावीक जागी घाम. तो दोन्ही बाजूंना सारखा. आठवड्यातून एकदा तरी हमखास. सुरुवात पंचविशीच्या आत, बऱ्याचदा शाळेतच. घरात आणखी कुणाला तरी आहे. कामात अडथळा येतो. आणि झोपेत थांबतो. सहा महिन्यांची मूळ अट आणि बाकीच्यांपैकी दोन खुणा जुळल्या तरी निदानाला पुरतं. माझ्या बाबतीत वडिलांचे हात आठवले की पुरे. ते एसटीच्या पासावर सही करताना खाली रुमाल ठेवायचे. आम्हाला वाटायचं, ती त्यांची टापटीप आहे.

हे दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या २००४ सालच्या एका मोठ्या पाहणीत १०० मागे जवळपास ३ लोकांना असा त्रास आढळला. हेच प्रमाण धरलं तर साठ जणींच्या वर्गात एकदोघी असणारच, फक्त त्या हात मागे बांधून उभ्या असतात.

मग मनाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण लोक समजतात त्या दिशेनं नाही. भीतीमुळे हा त्रास जडत नाही. त्रास आहे म्हणून भीती जडते, आणि भीतीनं पुन्हा घाम वाढतो. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, समोर बसलेले, ट्रे मांडलेला, आणि डोक्यात एकच विचार की हात ओले झाले तर? झालेच! "टेन्शन घेऊ नकोस" म्हटल्यानं हे चक्र थांबत नाही, उलट टेन्शनची आठवण होते. काळजीच फार वाढली असेल तर तिच्यासाठी समुपदेशन जरूर घ्यावं, पण बटणाचा इलाज वेगळा करावा लागतो.

थांबा, तुमचा घाम दुसऱ्याच कशाचा तर नाही ना?

वर सांगितलेला घाम हात, पाय, काखा किंवा चेहरा इथेच येतो आणि झोपेत थांबतो. सगळ्या अंगाला येत असेल, अलीकडेच सुरू झाला असेल, एकाच बाजूला येत असेल किंवा रात्री चादर भिजत असेल तर ते प्रकरण वेगळं. थायरॉइड वाढणं, मधुमेहात साखर एकदम उतरणं, रजोनिवृत्ती, नैराश्यावरची काही औषधं ही त्यातली कारणं.

आपल्या व्यवसायात एक कारण ठळक अक्षरांत लिहायला हवं: क्षयरोग. रात्रीचा घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, न जाणारा खोकला. आपण हे प्रश्न रोज पेशंटला विचारतो आणि स्वतःला विचारायचं विसरतो. छातीत दुखून थंड घाम सुटला तर मात्र वाचत बसू नका, इमर्जन्सी गाठा.

ग्लोव्हज, सॅनिटायझर आणि ओला हात

आता कामाचं बोलू. मी यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण डॉक्टर औषध लिहून देतात पण ग्लोव्ह कसा घालायचा ते सांगत नाहीत.

ओल्या हाताला रबर चिकटतं, आणि जोर लावला की फाटतं. पहिला उपाय मापाचा. साडेसहा बसत असेल तर सात मागा. अर्ध्या मापानं बोटांच्या टोकाशी थोडी सैल जागा राहते, तेवढ्यानं फार फरक पडत नाही, पण हात मात्र आत सरकतो. तपासणीच्या साध्या ग्लोव्हजमध्ये लॅटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, जास्त ताणलं जातं, नायट्राइल हे कृत्रिम रबर कमी. त्यामुळे नायट्राइल असेल तर मोठं माप आणखीच गरजेचं. आतून गुळगुळीत थर दिलेले ग्लोव्हजही मिळतात आणि ते ओलसर हातावर बरे सरकतात. स्टोअरच्या इन्चार्ज सिस्टरना विचारायला लाजू नका, बहुतेकदा कपाटात एखादा खोका पडलेला असतो.

दुसरा उपाय क्रमाचा. ग्लोव्हज सगळ्यात शेवटी. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, लावायची असेल तर मायक्रोपोरच्या चिकटपट्ट्या आधी कापून ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवा, कॅप सैल करा, दंडाला बांधायचा पट्टा म्हणजे टर्निकेट जवळ घ्या. मग हात स्वच्छ करा आणि लगेच ग्लोव्हज. कोरडेपणाची दोन मिनिटं मिळतात असं धरा आणि ती पट्ट्या फाडण्यात घालवू नका.

सॅनिटायझरची गंमत अशी की तो कोरड्या हातासाठी बनवलेला आहे. हात घामानं थबथबलेला असेल तर अल्कोहोल त्या पाण्यात पातळ होतं. म्हणून आधी कागदी टॉवेलनं टिपा, मग पुरेसा सॅनिटायझर घेऊन २० ते ३० सेकंद चोळा आणि पूर्ण उडू द्या. तो ओला असताना ग्लोव्ह चढवला तर आत चिकचिक होते आणि कातडी जळजळते. साबणानं धुवायचे तर पाणी साधं घ्या. गरम पाण्यानं हात तापतात, कातडीही कोरडी होऊन फाटते, आणि फाटलेली कातडी हे जंतूंचं दार आहे. धुण्याला ४० ते ६० सेकंद हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तुम्ही पाठ केलेलाच असेल. त्यात शेवटचा टप्पा पुसण्याचा आहे, तो घाईत गाळू नका.

"मग थोडी पावडर लावली तर?" नको. टाल्कम घाम थांबवत नाही, फक्त त्याचा चिखल करते. सॅनिटायझर चोळलेल्या हातावर तर कणकेसारखे गोळे होतात. शिवाय ग्लोव्हमधली पावडर जखमेत किंवा श्वासात गेली तर दाह होतो. याच कारणानं अमेरिकेनं जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदीच घातली.

बेड करणं, स्पंजिंग, सफाई अशा लांब कामांत ग्लोव्हच्या आत पातळ सुती हातमोजे घालता येतात. ओले झाले की बदलायचे, घरी धुवायचे. शीर शोधताना मात्र ते नकोत, बोटांना काही कळत नाही. निर्जंतुक कामातही ते आपल्या मनानं घालू नयेत.

अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, नेहमी गॉजमध्ये धरून फोडा. निसटतही नाही आणि कापतही नाही. खरं तर हे कोरड्या हातवाल्यांनीही करायला हवं, पण ते करत नाहीत आणि मग बोटाला पट्टी लावून फिरतात. जर्नल लिहिताना मनगटाखाली जाड कागद ठेवा, जेल पेनऐवजी बॉलपेन वापरा. हजेरीच्या मशीनवर अंगठा घेत नसेल तर आधी टिपून घ्या. आणि नाडी बघताना पेशंटचा हात ओला झाला तर झाला, नाडी ओल्या बोटालाही तेवढीच लागते.

"ओल्या हातांनी इन्फेक्शन पसरणार नाही का?"

चांगली शंका आहे, आणि तिचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

घाम स्वतः घाण नसतो. वासही त्याचा नसतो, कातडीवरचे जीवाणू विशेषतः काखेतल्या दाट घामावर जगतात, वास त्यांचा. पण ग्लोव्हच्या आत ऊब आणि ओल दोन्ही असते, आणि तिथे हातावरचे जंतू भराभर वाढतात. ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात. म्हणून ग्लोव्ह काढल्यावर हात स्वच्छ करण्याचा नियम सगळ्यांना आहे, आपल्याला तो दुप्पट आहे. एकच जोडी तासभर ओढत बसू नका. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कपाळावरून थेंब निर्जंतुक भागात पडू नये म्हणून टोपीखाली घाम शोषणारी पट्टी बांधा. निर्जंतुक पॅकचं बाहेरचं वेष्टण ओल्या हातानं धरू नका. ओल झिरपली की ते पॅक बाद समजायचं.

एवढं पाळलं की अतिघामाची सिस्टर बाकीच्यांइतकीच सुरक्षित असते. मी तर म्हणेन, थोडी जास्तच, कारण तिचं सगळं लक्ष हातांवर असतं.

निरोप्याला अडवायचं कुठे?

सगळे उपचार याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. नळाचं तोंड बंद करा, निरोप्याला घरातून निघू देऊ नका, निघालाच तर दार उघडू नका, किंवा रस्ताच उखडून टाका.

नळाचं तोंड बंद करतं ॲल्युमिनियम. दाढी झाल्यावर तुरटी फिरवतात ना, त्याच कुळातलं. ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेटचं द्रावण साधारण १० ते २० टक्क्यांचं असतं. ते ग्रंथीच्या तोंडाशी बुचासारखं बसतं. लोक ते सकाळी ड्युटीवर निघताना लावतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. अहो, वाहत्या नळाला बूच बसेल कसं? घाम झोपेत थांबतो, म्हणून झोपताना, पूर्ण कोरड्या हातावर लावायचं आणि उठल्यावर धुवायचं. नाईट असेल तर सकाळी घरी येऊन झोपताना. ओल्या कातडीवर लावलं तर पाण्याशी मिळून त्याचं आम्ल तयार होतं आणि आग होते. काखेत लावायचं तर केस काढल्याच्या दिवशी नको. हाताला भेगा पडल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. काखेत ते छान चालतं, तळहाताची जाड कातडी दाद कमी देते. ॲल्युमिनियमनं कर्करोग होतो ही भीती सर्रास ऐकू येते, पण तिला पटण्यासारखा पुरावा मिळालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र विचारूनच लावावं.

तळहातांसाठी माझं मत विचाराल तर आयनटोफोरेसिस. नाव अवघड आहे, काम सोपं. दोन उथळ ट्रेमध्ये नळाचं पाणी, त्यात हात, आणि मशीनमधून अगदी सौम्य विद्युतप्रवाह. वीसेक मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, नंतर जमेल तसं अंतर वाढवत. हातांना मुंग्या येतात. आरओचं पाणी इथे उपयोगाचं नाही, त्यातले क्षार गेलेले असतात आणि क्षारांशिवाय वीज नीट वाहत नाही. गर्भवती, पेसमेकर असलेले, अंगात धातूची पट्टी किंवा रॉड बसवलेले यांनी हे करू नये. आणि कृपया, मोबाईलवर बघून बॅटरी आणि ताटल्या जोडून घरी प्रयोग करू नका. सातत्य लागतं, हीच याची अडचण. शिफ्ट ड्युटीत आठवड्याला तीन खेपा जमवणं म्हणजे रजेचा अर्ज मंजूर करून घेण्याइतकंच कठीण.

बोटॉक्सची सुई निरोप्याला तंतूतून बाहेरच पडू देत नाही. काखेच्या अतिघामासाठी अमेरिकेत तिला २००४ साली मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा महिने टिकतो, मग पुन्हा. हे 'विष' आहे हे खरं, पण मात्रा सूक्ष्म असते. तळहातावर तिच्या दोन अडचणी आहेत: टोचताना दुखतं, आणि काही दिवस चिमटीची ताकद कमी होऊ शकते. आपलं अर्धं काम चिमटीचं. त्यामुळे परीक्षेच्या आधल्या आठवड्यात हे करू नये. खर्चही बराच आहे.

रस्ता उखडणं म्हणजे ऑपरेशन. छातीतून दुर्बिणीनं सिम्पथेटिक तंतू कापतात किंवा क्लिप लावतात. हात कोरडे होतात, अगदी खडखडीत. पण अंग हिशेब चुकता करतं. हातांचा घाम थांबलेल्या अनेकांना पाठ, पोट, मांड्या इथे नवा घाम सुटतो. काहींना तो इतका असतो की आधीचे हात बरे होते असं वाटतं. कापलेला तंतू परत जोडून मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. नागपूरच्या मे महिन्यात पाठीवरून धारा वाहत असताना हात कोरडे आहेत याचं समाधान किती टिकेल, याचा विचार आधी करावा. मी केला आणि नाही म्हटलं.

"एक गोळी घेतली की झालं ना?"

इथे मला आवाज थोडा चढवायचा आहे.

ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या ग्रंथीचं दार लावून घेतात. निरोप्या येतो, कडी वाजवतो, कुणी उघडत नाही. उपयोग होतो, डॉक्टर देतातही. पण गोळी पोटात गेली की ती तळहात कोणता आणि पाठ कोणती हे ओळखत नाही, सगळीच दारं लावते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवीला अडतं, नजर धूसर होते. आणि अंगावरचा घाम, म्हणजे आपला कूलर, तोही बंद पडतो.

पुण्या-नाशिकच्या थंडीत हे कदाचित निभावेल. आपल्याकडे दुपारी दोनच्या शिफ्टला स्कूटीवरून निघणारी मुलगी, वर स्कार्फ, खाली टेरिकॉटचा युनिफॉर्म, आणि पोटात घाम बंद करणारी गोळी. उष्माघात व्हायला आणखी काय हवं? अंगाचं तापमान ४० च्या वर आणि बोलणं असंबद्ध, अशा अवस्थेत आणलेले पेशंट आपण दर उन्हाळ्यात बघतो. काचबिंदू असलेल्यांना तर या गोळ्यांची वेगळीच जोखीम.

म्हणून या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नाहीत, मेडिकल स्टोअरवाल्या दादांच्या सल्ल्यानं नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी दिल्या तर त्यांना स्पष्ट सांगा की ड्युटी कुठे आहे, वॉर्डात एसी आहे की कूलर, आणि उन्हात किती फिरावं लागतं. एप्रिल ते जून त्या थांबवाव्यात का, हेही त्यांनाच विचारा. हातांचा नळ बंद करणं आणि अंगाचा कूलर बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या नादात दुसरी करून बसू नका.

पाणी कमी पिणं हा यातलाच एक घरगुती उपाय. माझ्या ओळखीतल्या कितीतरी सिस्टर करतात, अर्धं कारण घामाचं, अर्धं बाथरूमला जायला वेळ नसल्याचं. तळहाताचा घाम यानं थेंबभरही कमी होत नाही, कारण तो उकाड्याचा नसतोच. कमी होते ती लघवी, आणि वाढतो तो मूतखडा आणि जळजळ. माठाचं पाणी, मीठ घातलेलं ताक, पन्हं यांना पर्याय नाही. पायांना घाम येत असेल तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा म्हणजे एक दिवस सुकायला मिळेल. मोजे सुती, ड्युटीच्या मध्ये एकदा बदललेले. जांघेत खाज आली तर स्टेरॉइड मिसळलेली मलमं स्वतःच्या मनानं चोळू नका. नायटा दबतो आणि मग चौपट पसरतो.

दाखवायचं कुठे, सांगायचं कुणाला

दाखवायचं त्वचारोगतज्ज्ञांना. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहेच, केसपेपर काढला की झालं. घाम कितपत त्रास देतो यासाठी डॉक्टर बहुधा चार पायऱ्या विचारतील: जाणवतच नाही, सहन होतो, जेमतेम सहन होतो, अजिबात सहन होत नाही. तिथे संकोचानं दुसरी पायरी सांगू नका. ग्लोव्हज रोज फाटत असतील तर ती तिसरी तरी आहे.

मिलिटरी नर्सिंगचं स्वप्न असेल तर हे काम बारावीतच करा. सैन्यदलांच्या भरतीच्या वैद्यकीय निकषांत तपासणीच्या दडपणानं येणारा थोडा घाम स्वाभाविक मानला आहे, पण तळहात-तळपायांचा लक्षणीय अतिघाम अपात्र ठरवतो. हे आधी कळलं तर निदान दुसरी वाट तयार ठेवता येते. वॉर्डात काम करायला मात्र कोरडा हात ही अट मी अजून कुठे वाचलेली नाही.

सांगायचं क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला, पहिल्याच आठवड्यात, प्रॅक्टिकलच्या दिवशी नव्हे. लांबलचक कहाणी नको. "मॅम, मला हातांना अतिघामाचा त्रास आहे, उपचार चालू आहेत. मला सातचे ग्लोव्हज लागतात आणि घालायच्या आधी हात टिपायला अर्धं मिनिट लागतं." एवढंच. कारण कळलं की बहुतेक जणी "भिऊन राहिली" म्हणायचं थांबवतात. पेशंटला सांगायचं का? त्यानं विचारलं तर. सांगायचं, "काका, माझे हात असेच असतात, काळजी करू नका," आणि काम चालू ठेवायचं.

यंदा अशीच एक मुलगी आली होती. हे सगळं तिला सांगितलं. ओपीडी, रात्रीचं द्रावण, सातचं माप, गॉज, पट्ट्या आधी कापणं. तिनं वहीत सगळं लिहून घेतलं. कागदावर डाव्या बाजूला हाताची ओली खूण उमटली होती, तिनं ती लपवली नाही. मग तिचा एकच प्रश्न उरला.

"मॅम, टॉवेल कोणत्या खिशात ठेवू?"

"डाव्या. उजव्यात कात्री असते."

"मी डावखुरी आहे ना पण."

"मग उजव्यात."